सप्तकचे सरकते दार

सप्तक या आमच्या कंपनीच्या सात आसनी गाडीचे डावीकडचे सरकते दार चालत्या गाडीत आपोआप उघडल्याच्या सात तक्रारी आल्या होत्या. सातही गाड्या घरगुती वापरातल्या होत्या. टॅक्सी म्हणून धावणाऱ्या सप्तकची दारे दिवसाला कितीतरी पट अधिक वेळा उघडली-मिटली जात. त्यांतले एकही असे उघडले नव्हते. ज्या वर्षी गाडी बाजारात आली आणि बऱ्यापैकी खपली, त्या वर्षी तक्रार एकही नव्हती. खप मंदावला तशा तक्रारी सुरू झाल्या.

सातव्या तक्रारीची गाडी कोल्हापूरजवळ, शिरोलीच्या वितरकाच्या वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर उभी होती. तपास माझ्याकडे होता आणि मी सकाळपासून तिचे दार उघडत आणि लावत होते. हळू ओढून, जोरात ओढून, गाडीचे एक चाक विटांवर चढवून, आतून, बाहेरून. प्रत्येक वेळी कुलपाचे दोन दात एकामागून एक दाराच्या चौकटीच्या खांबावरच्या लोखंडी पिनेवर बसत होते आणि पकड पूर्ण होत होती.

"म्याडम, दार दमंल आता," वर्कशॉपचे प्रमुख राजाराम सुतार म्हणाले. "मघाधरनं जेवढं लावलंसा, तेवढं मगदुमांनी वर्षात लावलं नसंल."

"गाडी कोणी धुतली?"

"आम्हीच. आतबाहेर सगळी साफ केली." त्यांनी दाराखाली बोट केले. "पायरीवर रक्त होतं, म्याडम. लहान पोरीचं. ते ठेवायचं कसं?"

चार दिवसांपूर्वी, बाहुबलीचे दर्शन घेऊन इचलकरंजीला परतताना, या दारातून सन्मती मगदूम नावाची चार वर्षांची मुलगी रस्त्यावर पडली होती. मांडीचे हाड मोडले होते, डोक्याला मार होता. ती मिरजेच्या रुग्णालयात होती आणि वाचणार होती.

दुपारी चिंचवडहून चाफळकरांचा फोन आला. ते आमचे उपाध्यक्ष. सप्तकचा आराखडा मंजूर करणाऱ्यांपैकी एक.

"पेंढरकर, काय निघालं?"

"काही नाही. दार निर्दोष आहे."

"मग तसं लिहा. दार निर्दोष आहे, म्हणजे ते नीट लावलं गेलं नव्हतं."

"पहिलं वाक्य मी तपासलेलं आहे, सर. दुसरं नाही."

"दुसरं पहिल्यातून निघतं."

"निघत नाही. आज, इथे, माझ्या हातून ते नीट लागतं, एवढंच पहिल्यातून निघतं."

"हे बघा, सोमवारी बोर्डाची बैठक आहे. सप्तक चालू ठेवायची की बंद करायची, हा एकच विषय. महिन्याला जेवढ्या विकतो त्याहून जास्त गाड्या वितरकांच्या दारात उभ्या आहेत. त्यात हे प्रकरण तसंच ठेवून मी बैठकीला जाऊ शकत नाही. आणि तुम्ही कोणासाठी भांडताय? त्या मुलीच्या आजोबांनीच सांगितलंय की सुनेनं दार धड लावलं नाही."

"त्यांनी पाहिलं होतं?"

"ते पुढच्या सीटवर होते."

"म्हणजे नाही पाहिलं."

"संध्याकाळपर्यंत अहवाल हवा," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

आधीच्या सहा गाड्यांचे अहवाल माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने लिहिले होते. सहाही गाड्या वर्कशॉपमध्ये तपासल्या गेल्या होत्या, सहाही निर्दोष निघाल्या होत्या आणि सहाही अहवालांत 'वापरातील चूक' असा एकच निष्कर्ष होता. ज्यांच्या हातून ती चूक झाली असे म्हटले होते, त्यांच्यापैकी एकालाही कोणी भेटले नव्हते. वेगवेगळ्या गावांतली सात माणसे एकच चूक करतात आणि टॅक्सीत बसणारी हजारो माणसे ती कधीच करत नाहीत, हे मला पटत नव्हते. पण न पटणे म्हणजे पुरावा नव्हे.

मी सुतारांना म्हटले, "इचलकरंजीला जाऊ."

भूपाल मगदुमांचे घर त्यांच्याच मागांच्या शेडला लागून होते. यंत्रमागांची खटखट भिंतीतून थेट बैठकीच्या खोलीत येत होती; घरातल्यांना ती ऐकू येत नसावी. नव्या सोफ्यावर कारखान्यातले प्लास्टिक तसेच होते. मी बसले तशी ते कुरकुरले.

मगदूम साठीचे होते, धोतर-टोपीतले, आवाज न चढवता बोलणारे. घरात आणि बाहेर सगळे त्यांना आण्णा म्हणत. त्यांचा मुलगा शांतिनाथ खिडकीपाशी उभा होता. अपघाताच्या वेळी गाडी तोच चालवत होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिशीचा एक माणूस पायाशी कापडी पिशवी ठेवून बसला होता.

"हे आमचं पाव्हणं. धन्यकुमार, जयसिंगपूरचं," आण्णा म्हणाले. "सुनेचं भाऊ. तिला न्यायला आल्यात. पिशवीत तिचीच कापडं हायत. ताक घ्या, म्याडम."

"कधी निघणार?" मी विचारले.

"तुमच्या कागदावर हाय ते. तुमच्या गाडीला मी दोष दिलेला न्हाई, आदीच सांगतो. गाडी चांगली हाय. आता तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसानं लिवून दिलं की दार चांगलं हाय, म्हंजे विषय मिटला. ज्या आईला पोरीच्या बाजूचं दार लावता येत न्हाई, तिच्या हातात पोर द्यायची न्हाई. तिनं म्हायेरी ऱ्हावं."

"आणि सन्मती?"

"सन्मती मगदुमाची हाय. ती हितं वाढंल."

"चार दिवस झालं," धन्यकुमार पहिल्यांदाच बोलला. "पोरगी दवाखान्यात आज्जीपाशी आईच्या नावानं रडतीया. हिला उंबऱ्याच्या भाईर जाऊ दिलं न्हाई ह्यांनी."

"पाव्हणं, तुमी ताक प्या," आण्णा म्हणाले.

आतल्या दारात एक बाई उभी होती. ती केव्हापासून उभी होती हे मला कळले नव्हते. निळी साडी, डोळे कोरडे, दोन्ही हात एकमेकांत घट्ट. तीच त्रिशला.

"मला यांच्याशी बोलायचं आहे," मी म्हटले.

"तिला काय इचारता? मी सांगतो की सगळं."

"दार तुम्ही लावलं होतं?"

"न्हाई."

"मग ज्यांनी लावलं, त्यांनाच विचारावं लागेल."

खटखट चालू होती. आण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मान हलवली. तो होकार होता की काय हे स्पष्ट नव्हते. मी तो होकार धरला.

त्रिशला पुढे आली, पण बसली नाही. तिने जे सांगितले ते थोडके होते. दर्शन घेऊन सगळे निघाले. आण्णा पुढे बसले, सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणे, मागच्या बाकावर. ती मधल्या बाकावर दाराशी होती आणि सन्मती तिच्याच कुशीत झोपली होती. हातकणंगल्याच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर लागला. तो ओलांडून शांतिनाथने वेग घेतला, रस्ता उजवीकडे वळला, आणि दार नव्हतेच.

"म्हणजे?"

"म्हंजे बाजूला दार हाय म्हणून टेकले होते, आन् तिथं रस्ता होता. मी म्होरल्या शिटाच्या दांडीला धरलं. ती माझ्या हातात होती." ती थांबली. "मग नव्हती."

"निघताना दार लावलं होतं?"

"लावलं. ओढून बगितलं. आलं न्हाई."

"आवाज कसा आला होता?"

"रोजच्यासारखाच."

शांतिनाथ खिडकीतूनच म्हणाला, "मी इचारलं होतं म्याडम, लागलं काय म्हणून. व्हय म्हणाली."

"व्हय म्हणायला काय जातंय," आण्णा म्हणाले. "दार लागलं असतं तर उघडलं कसं? ह्याचं उत्तर हाय काय तुमच्याजवळ?"

"नाही," मी म्हटले. "अजून नाही. मला यांना दार लावताना बघायचं आहे. त्याच गाडीत, त्याच जागी बसून. यांना घेऊन वर्कशॉपला याल?"

"आमची सून वर्कशॉपात दहा माणसांपुढं दार लावून दाखवणार? खेळ हाय काय?"

"मग मला कारण सापडलं नाही, असं लिहावं लागेल."

"लिवा की. म्हंजे दारात खोट सापडली न्हाई असंच झालं ते. मला तेवढं बास हाय."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. कारण सापडले नाही असे मी लिहिले, तर चाफळकर त्याचा अर्थ दार निर्दोष असा लावणार होते आणि आण्णा त्याचा अर्थ सून दोषी असा लावणार होते. माझ्या नेमक्या शब्दांचा त्या दोघांनाही उपयोग होता, त्रिशलाला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. मी उठले. सुतारही उठले. धन्यकुमारने पिशवीचा बंद हातात घेतला.

"एक मात्र लिवा त्यात," आण्णा मागून म्हणाले. मघापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज तापला होता. "गाडी तुमच्या वर्कशॉपात नेली ती बघायला म्हणून नेली. आन् ह्या सुतारांच्या पोरांनी तिचं सगळं प्लास्टिक फाडून टाकलं. मालकाला इचारलं तरी काय? शांतिनाथ कालच बगून आला."

सुतार म्हणाले, "आण्णा, साफ करताना ते काढावंच लागतंय. रक्ताचं डाग..."

"डाग पुसून निघालं असतं. सात म्हैने जपलं होतं आम्ही. शिटाचं, दाराचं, खांबाचं, एक चीर जाऊ दिली न्हाई."

मी उंबऱ्यापाशी थांबले. "खांबाचं म्हणजे कुठलं?"

"दार सरकून जिथं टेकतंय, त्या खांबाचं. तुमच्याच कारखान्यातनं लावून आलेलं. रंगाला चरा जाऊ ने म्हणून." त्यांनी मी मघाशी बसले होते त्या सोफ्याकडे बोट केले. "हे बगा, दोन वर्सं झाली. कोण म्हणंल जुना हाय?"

"खांबाचं प्लास्टिक घट्ट चिकटलेलं होतं?"

"कडंनं सुटत होतं. गाडी घेतली तवाच सुटलेलं होतं थोडं. पर म्हणून काय फाडायचं? मी घरात सांगून ठेवलेलं, दार लावायच्या आदी सुटलेली कड आत दाबायची, आन् मग दार ओढायचं."

"कोणाला सांगून ठेवलं होतं?"

"सगळ्यास्नी. पर दाराशी हीच बसती."

मी त्रिशलाकडे वळले. "बाहुबलीहून निघतानाही कड दाबली होती?"

तिने आधी सासऱ्यांकडे पाहिले. "रोज दाबत होते. त्या दिवशीबी दाबली."

"कशी? मला दाखवता येईल?"

ती सोफ्यापाशी गेली. हाताच्या खाली प्लास्टिकची एक कड सुटलेली होती. तिने ती दोन बोटांत धरली, एकदा दुमडली, पुन्हा दुमडली आणि अंगठ्याने सोफ्याच्या फटीत सारली. "घडी करून," ती म्हणाली. "नुसतं दाबलं तर परत भाईर येतंय. मग आण्णा रागावत्यात."

सुतारांना ती घडी दिसली होती. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा ते कपाळावरचा घाम पुसत होते.

माझ्या मनात एक शक्यता तयार झाली होती. शक्यता ही फार स्वस्त गोष्ट असते. तिला किंमत पडताळ्याने येते, आणि पडताळा घ्यायला या गाडीवर प्लास्टिकचा तुकडाही उरला नव्हता.

"सुतार, तुमच्याकडे न विकलेल्या सप्तक आहेत?"

"ढिगानं हायत, म्याडम."

"प्लास्टिकसकट?"

"हायत तशाच हायत. गिऱ्हाइकाला प्लास्टिक लागतंयच. ते नसलं तर म्हणतंय, कोणीतरी वापरून परत केलेली गाडी आमच्या गळ्यात मारताय."

"टॅक्सीवाल्यांनाही लागतं?"

"ते तर आमच्या दारातच फाडत्यात. उन्हाळ्यात पाशिंजरच्या पाठीला चिकटतंय म्हणून."

मी आण्णांना म्हटले, "मी चुकत असेन. पण हे न पाहता मी कसलाही कागद देणार नाही. तुम्ही नाही आलात तर यांना एकट्यांना न्यावं लागेल, आणि तिथे काय दिसलं ते तुम्हाला माझ्या तोंडून ऐकावं लागेल. तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता."

आण्णा हलले नाहीत. तेव्हा शांतिनाथ खिडकीपासून पुढे आला. "आण्णा, बगून तर येऊ."

"काय बगायचं?"

"मला म्हाईत न्हाई. पर गाडी मी चालवत होतो, आन् चार दिवस मला कोणी काय इचारलेलं न्हाई. सगळं तिलाच इचारत्यात."

आण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली.

वितरकाच्या मागच्या आवारात सप्तक रांगेने उभ्या होत्या. एप्रिलचे ऊन होते आणि एकाही गाडीवर सावली नव्हती. काही नुकत्याच आलेल्या, काही सहा-आठ महिन्यांच्या, काहींना वर्ष उलटून गेलेले. धुळीने सगळ्यांचा रंग एक झाला होता.

आम्ही नव्या गाडीपासून सुरुवात केली. खांबावरचे प्लास्टिक रंगाला इतके घट्ट बसले होते की त्रिशलाला कड सापडेना. तिने दार लावले, सुतारांनी गाडी आवाराबाहेरच्या रस्त्यावर नेली. मी त्यांच्या शेजारी मागे तोंड करून बसले होते. मागे कोणालाही बसू दिले नव्हते. फाटकापुढच्या स्पीडब्रेकरवरून गाडी गेली, वेग घेतला, उजवीकडे वळली. दार जागच्या जागी. दुसऱ्या फेरीतही, तिसऱ्याही.

"झालं?" आम्ही परत आलो तेव्हा आण्णा म्हणाले.

नंतर रांगेतली सर्वांत जुनी गाडी. तिचे प्लास्टिक पापडासारखे झाले होते. त्रिशलाने कड दुमडली तशी ती मोडून तिच्या हातात आली. दार लागले आणि लागलेलेच राहिले.

"म्याडम, सांज होईपातूर हेच करायचं काय?" आण्णांनी विचारले.

"गरज लागली तर," मी म्हटले. दुसऱ्या कोणाच्या आयुष्याचा निकाल आपल्या एका अंदाजावर टांगलेला असताना तो अंदाज चुकीचा ठरण्याचीही तयारी ठेवावी लागते. ती मी ठेवली होती. त्रिशलाने ठेवली होती की नाही, मला माहीत नव्हते. ती तिसऱ्या गाडीकडे न सांगताच चालू लागली होती.

ही गाडी मागच्या पावसाळ्यानंतर आलेली होती. दाराच्या खांबावर प्लास्टिकची कड बोटभर सुटून आतल्या बाजूला वळली होती. प्लास्टिक अजून मऊ होते, फक्त गोंद मेला होता.

"आमचं असंच होतं," त्रिशला म्हणाली.

तिने कड दुमडली, पुन्हा दुमडली, खांबाच्या फटीत अंगठ्याने सारली आणि दार ओढले. आवाज झाला. तो आवाज मी सकाळपासून ऐकत होते. त्यात मला काही फरक जाणवला नाही. मी बाहेरून दार ओढून पाहिले. आले नाही. शांतिनाथने ओढले. आले नाही.

"लागलंय की," आण्णा म्हणाले.

पहिल्या फेरीत काही झाले नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. सुतारांनी माझ्याकडे पाहिले. मी बोटाने पुन्हा अशी खूण केली. तिसऱ्या वेळी गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली, सुतारांनी दुसरा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा मागे टिचकी वाजवल्यासारखा बारीक आवाज आला. त्यानंतर गाडीत एकदम ऊन आले. दार आपल्या पट्टीवरून मागे सरकत गेले, अगदी शेवटपर्यंत, विनाअडथळा, जसे आम्ही ते बनवले होते. मधल्या बाकाच्या बाजूने रस्ता पळताना दिसत होता.

"थांबवू?" सुतारांनी विचारले.

"थांबवा."

रस्त्याच्या कडेला उभे असलेले चौघे आमच्याकडे चालत आले. शांतिनाथ धावतच आला आणि उघड्या दारासमोर येऊन उभा राहिला. त्रिशला दाराकडे पाहत नव्हती. ती खांबाकडे पाहत होती. घडी जिथे तिने सारली होती तिथेच होती.

आण्णा सर्वांत शेवटी पोचले. त्यांनी चष्मा लावला, वाकले आणि घडीवर बोट ठेवले.

"ह्यानं?"

"ह्यानं," मी म्हटले. "दार बाहेरून मिटलेलं दिसतं, ओढलं तर येत नाही. पण कुलपाचा दुसरा दात पिनेपर्यंत पोचत नाही. पहिल्याच दातावर धरून राहतं. धक्का बसला आणि गाडीनं वेग घेतला की सुटतं. दर वेळी नाही. कधीतरी."

"पर ही घडी तर..." आण्णा म्हणाले आणि पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ते कोणीही पुरे केले नाही. बराच वेळ ते बोट तिथेच होते. मग त्यांनी घडी ओढून बाहेर काढली. प्लास्टिक खांबावरून वरपर्यंत सोलत आले. ते त्यांनी चुरगाळून मुठीत धरले.

"पाव्हणं," ते धन्यकुमारला म्हणाले, "ती पिशवी घरात नेऊन ठेवा." मग सुनेकडे न पाहता, "मिरजेला चल. पोरगी वाट बगत असंल."

"येते," त्रिशला म्हणाली. "पर ह्या गाडीत न्हाई बसणार."

"हिच्यात कोण बसतंय? सुतार सोडतील की दुसऱ्या गाडीनं."

"कुठल्याच गाडीत न्हाई. यष्टीनं जाणार. आन् दवाखान्यात तिच्याजवळ मीच ऱ्हाणार. रातची, दिवसाची. आत्याबाईंनी घरला जायाचं."

शांतिनाथने मान खाली घातली. आण्णांनी मुठीतले प्लास्टिक दुसऱ्या हातात घेतले. "बरं," ते म्हणाले. "यष्टीनं."

ती पुढे आणि ते दोघे मागे, असे ते हमरस्त्याकडे चालत गेले. धन्यकुमार पिशवी घेऊन थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग त्याने सुतारांना विचारले की इथे प्यायचे पाणी कुठे मिळेल.

चाफळकरांना मी वर्कशॉपमधून फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. शेवटी त्यांच्या आवाजात सुटका होती.

"म्हणजे ग्राहकानं प्लास्टिक काढलं नाही. अहो, मग वापरातलीच चूक आहे ही. उत्तम."

"ते अर्धं आहे, सर."

"अर्धं पुरे आहे. तेवढंच लिहा."

"प्लास्टिक आपण लावलं होतं. ते काढायचं असतं, हे आपण खरेदीदाराला कुठेही सांगितलेलं नाही. मी पुस्तिका पाहिली. आणि चिंचवडला चाचणीच्या गाड्यांवर ते कधीच नसतं. आपली माणसं आधी ते काढतात आणि मग चाचणी घेतात. म्हणून आपल्याला हे दिसलं नाही. आधीच्या सहा गाड्याही वर्कशॉपनी तपासणीआधी धुऊन दिल्या होत्या का, ते विचारून घ्या."

"पेंढरकर, असा अहवाल बोर्डापुढे गेला तर सप्तक संपली, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

सप्तक त्याच वर्षी बंद झाली. तिच्या अल्पायुष्याची कारणे नंतर पुष्कळांनी पुष्कळ सांगितली. किंमत जास्त होती, रूप बोजड होते, लोकांना सात माणसांच्या गाडीपेक्षा चार माणसांची गाडी दिमाखदार वाटत होती. त्यांतली काही खरी असतील. मी ती तपासलेली नाहीत. या गोष्टीला आता पंचवीस वर्षे होतील. जे मी तपासले होते, ते त्या संध्याकाळी शिरोलीत बसून लिहिलेल्या अहवालात होते, आणि ते असे होते:

वाहतुकीत रंग खराब होऊ नये म्हणून दाराच्या खांबावर कारखान्यात प्लास्टिक लावले जाते. ताबा देताना ते काढण्याचे काम कोणावरही सोपवलेले नाही. पहिल्या वर्षी गाड्या कारखान्यातून निघाल्यावर काही आठवड्यांत विकल्या जात, त्यामुळे प्लास्टिक घट्ट चिकटलेले असतानाच ग्राहकाकडे जाई. खप घटल्यावर गाड्या कित्येक महिने उन्हात उभ्या राहू लागल्या. गोंद निकामी झाला आणि प्लास्टिकची कड सुटू लागली. टॅक्सीचालकांनी प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढून टाकले. ज्या घरांनी गाडी जपली, त्यांनी सुटलेली कड दुमडून खांबाच्या फटीत सारली. त्या घडीच्या जाडीमुळे दार तांदळाच्या दाण्याएवढे अलीकडे थांबते आणि कुलूप दोनऐवजी एकाच दातावर धरते. अशी पकड धक्क्यानंतर वेग घेताना सुटू शकते. आज तिसऱ्या फेरीत ती सुटली. दार अर्धेच धरले आहे, हे आवाजावरून, नजरेने किंवा ओढून पाहून ओळखता येत नाही. त्रिशला मगदूम यांनी दार लावले होते.